जावेसाठी विचारतेय

“बेचाळीस रुपये गेले आणि बाई आलीच नाही!”

तन्मय स्वतःशीच कुरकुरत होता. पण आमच्या ऑफिसात दोन खुर्च्यांमध्ये हातभराचं अंतर, त्यामुळे स्वतःशी बोललेलंही शेजारणीला ऐकावंच लागतं.

“कुठली बाई?” मी विचारलं.

“ही बघा ना मंजूताई, तासगावकडची. प्रश्न विचारला, सगळं उत्तर ऐकून घेतलं, आपले बेचाळीस रुपये गेले. मग गप. ना फोन, ना वेळ घेतली. नुसत्या फुकट ऐकायला येतात.”

“फुकट कसं? बेचाळीस रुपयांचं ऐकलं की.”

“आपले!” तो म्हणाला.

तन्मय पुण्याचा, वय अठ्ठावीस, आमच्या शाखेचा प्रमुख. शाखा म्हणजे मिरजेत औषधाच्या दुकानावरच्या तीन खोल्या. मिरजेत दवाखाने उदंड, म्हणून आमच्यासारख्या जाहिरात एजन्सीही उदंड. माझं काम शब्द जोखण्याचं. कुठल्या शब्दावर पैसे लावले तर परत येतात आणि कुठल्यावर लावले तर बुडतात, हे सांगायचं. हे कुठल्या कॉलेजात शिकले नाही. ब्लाउज शिवता शिवता समोर फोन लावून ठेवायचा आणि व्हिडिओ ऐकायचे, असं शिकले. काही ब्लाउज बिघडले, पण विद्या आली.

आता हे शब्द काय प्रकरण आहे ते सांगते. पूर्वी आपण पडद्यावर काहीतरी टाइप करायचो आणि उत्तरांची लांबलचक यादी यायची. त्यातली वरची दोन-तीन उत्तरं जाहिराती असायची, खालची फुकट. ती यादी आता गेली. आता भिंतीवरच्या पांढऱ्या डबीला विचारायचं. कंपनी कुठलीही असो, आमच्याकडे तिला सगळे बोलकी म्हणतात. ती एकच उत्तर देते, शेजारीण बोलावी तसं. पण असं एकेक उत्तर घडवायला वीज लागते, यंत्रं थंड ठेवायला पाणी लागतं, आणि ते कुणीतरी भरायला हवं. म्हणून पद्धत पडली की ज्याला त्या प्रश्नातून गिऱ्हाईक मिळणार असेल त्यानं उत्तराचा खर्च द्यायचा. तुम्ही प्रश्न संपवता आणि बोलकी तोंड उघडते, त्यामध्ये पापणी लवायला लागतो तेवढा वेळ असतो. तेवढ्यात तुमच्या प्रश्नाचा लिलाव होतो. जो सर्वांत जास्त बोली लावेल त्याच्या पैशातून तुम्हाला उत्तर मिळतं, आणि उत्तराच्या शेवटी हळूच त्याचं नाव येतं.

कुणीच बोली लावली नाही तर बोलकी गोड आवाजात म्हणते, “हा प्रश्न कृपया नंतर विचारा.”

हिशेब सोपा असतो. शंभर बायकांनी विचारलं, दर खेपेला बेचाळीस रुपये गेले, शंभरातल्या दोघी दवाखान्यात आल्या. म्हणजे एक बाई आणायला एकवीसशे रुपये पडले. त्या बाईकडून दवाखान्याला त्याहून जास्त मिळाले तर शब्द फायद्याचा, कमी मिळाले तर तोट्याचा. तोट्याचा शब्द वर्ज्य यादीत टाकायचा. एकदा शब्द त्या यादीत गेला की आपलं यंत्र त्यावर बोली लावत नाही.

यंत्राचं नाव पारखी. ते शब्द ऐकत नाही, अर्थ ऐकतं. प्रत्येक वाक्य म्हणजे एक ठिपका, आणि अर्थानं जवळची वाक्यं म्हणजे जवळजवळ पडलेले ठिपके. रांगोळीसारखंच, फक्त ही रांगोळी अंगणात नसून हजारो दिशांच्या पोकळीत काढलेली. अशा जवळच्या ठिपक्यांच्या पुंजक्याला तन्मय इंग्रजीत काहीतरी म्हणायचा. मी त्याला गोतावळा म्हणायला लागले आणि पुढे पुण्याचे लोकही तेच म्हणू लागले. एका शब्दाला वर्ज्य केलं की पारखी त्याचा सगळा गोतावळा वर्ज्य करतं. हे त्याचं बलस्थान, असं माहितीपत्रकात छापलेलं आहे.

आमच्या भागातल्या बायकांचं बोलणं मात्र त्या यंत्राला कळेना. ‘अंगावरून जातंय’ म्हटलं की त्याला वाटायचं गाडी गेली, आणि ते हाडांच्या डॉक्टरांचा पत्ता द्यायचं. म्हणून मला नोकरी लागली. पाळी गेल्यावर चार वर्षांनी पुन्हा रक्त जात असेल तर त्याला बायका काय काय म्हणतात, याची सव्वाशे वाक्यं मी पारखीला शिकवली. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कर्करोगाचं रुग्णालय होतं. त्यांना ही वाक्यं हवीच होती.

तर त्या दिवशी तन्मयनं तासगावच्या बाईचं वाक्य माझ्याकडे सरकवलं. ‘माझ्या जावेला पाळी बंद झाल्यावर परत जातंय, तिच्यासाठी विचारतेय.’

“हा एक अख्खा गोतावळाच आहे,” तो म्हणाला. “जावेला होतंय, नणंदेला होतंय, शेजारणीला होतंय. गेल्या तीस दिवसांत अकराशे चाळीस जणींनी विचारलं. आल्या दोन. जिला होतंय ती विचारत नाही आणि जी विचारते तिला होत नाही. मग बोली कशाला लावायची?”

“त्या येतात हो,” मी म्हटलं. “तीस दिवसांत नाही येत. घरातलं लग्न झालं, सुगी झाली, पोरांच्या परीक्षा झाल्या की येतात. आणि अशी वेळबीळ घेऊन नाही येत, एसटीनं येऊन खिडकीवर नाव घालतात.”

“मग ती कुठल्या शब्दावरून आली हे आपल्याला कसं कळणार?”

“नाही कळणार.”

“मग ती आलीच नाही,” तन्मय म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. तो आकड्यात जे दिसत होतं तेच म्हणाला.

खरी गोष्ट मला ठाऊक होती. आमच्याकडे बाई स्वतःचं दुखणं स्वतःच्या नावावर सांगत नाही. डॉक्टरसमोर बसूनही म्हणते, आमच्या शेजारणीला असं होतंय बघा. डॉक्टर जुना असेल तर त्या शेजारणीचं वय विचारतो, तिला गोळ्या लिहून देतो, आणि ही त्या पदरात बांधून घरी येते. हे मी लहानपणापासून बघत आलेय.

“तीस दिवसांची मुदत नव्वद करून बघूया का?” मी विचारलं.

“करू की. पण त्याला वरून परवानगी लागते. अर्ज तुम्हाला लिहावा लागेल, कारणं द्यावी लागतील. आणि मंजूताई, तुमच्या भाषाप्रमुखपदाच्या बढतीचं पत्र याच आठवड्यात वर गेलंय. मी आपलं सुचवलं.”

एवढंच तो बोलला. वर्ज्य करताना पडद्यावर कारण निवडावं लागतं. तिथे तीन कारणं लिहिलेली असतात. मी दुसरं निवडलं. विचारणारी व्यक्ती स्वतः रुग्ण नाही. आणि बटण दाबलं. वेळ सकाळचे साडेअकरा, महिना एप्रिल. त्यानंतर आम्ही दोघांनी खालून चहा मागवला.

घरी आम्ही तिघं. मी, माझा नवरा उदय, आणि माझी थोरली जाऊ शैला, जिला मी लग्नापासून अक्का म्हणते. थोरले दीर दहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हा अक्कांनी वरच्या मजल्यावरची चूल मोडली आणि खाली येऊन माझ्या ओट्याचा ताबा घेतला. तक्रार करायला मला जागाच ठेवली नाही, कारण स्वयंपाक त्यांचा चांगला होता आणि माझा नव्हता. मी ऑफिसला जायला लागले ते त्यांच्याच जोरावर. “तू जा, शब्द वीक. भाकरी मी थापते,” असं त्या म्हणायच्या.

त्यांची एकुलती एक मुलगी केतकी बेंगळुरूला. मे महिन्यात तिचं लग्न झालं. तीन महिने अक्का रुखवत, आहेर आणि पाहुण्यांच्या गाद्या यांखेरीज दुसरं काही बोलल्या नव्हत्या. मधूनच त्या बसायच्या, कंबरेला हात लावून. मी विचारलं की म्हणायच्या, “वय झालं मेलं.” मीही त्यांना छप्पन्नाव्या वर्षी म्हातारी ठरवून मोकळी व्हायची.

लग्नाला महिना झाला असेल. रविवार होता. अक्का भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या, मी शेजारी नुसतेच दाणे खात होते.

“मंजे, ही तुझी बोलकी आजकाल नखरे करते गं.”

“माझी कुठली? मी तिथं पगारी आहे. मालकीण असते तर तुम्हाला शेंगा फोडू दिल्या असत्या?”

“दिल्याच असत्यास. तुला ओळखते मी.” त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. “खाऊन संपवतीस का सगळे? चटणीला लागतात. तर, विचारलं की म्हणते नंतर विचारा. मागं फेब्रुवारीत विचारलं तेव्हा चांगली बोलत होती. आता नंतर, नंतर. नंतर म्हणजे कधी? मी मेल्यावर?”

“काय विचारलंत एवढं?”

“असंच कायतरी. सगळंच सांगायचं होय तुला?”

आता इथे मी थांबायला हवं होतं. काय विचारलंत, हे पुन्हा विचारायला हवं होतं. पण मी त्या धंद्यातली तज्ज्ञ ना. नुकतीच भाषाप्रमुख झालेली. मी तोंडात दाणे असताना ऐटीत म्हणाले, “अक्का, जिवावरचं काही असतं तर ती नंतर म्हणाली असती होय? दहा दवाखान्यांच्या उड्या पडल्या असत्या सांगायला. नंतर विचारा म्हणते म्हणजे फालतू प्रश्न असणार.”

अक्कांनी एक शेंग फोडली. त्यात दाणा नव्हता. ती त्यांनी टाकली.

“असं असतं होय?” त्या म्हणाल्या. मला वाटलं त्यांना बरं वाटलं. खरंच वाटलं असणार.

दिवाळीनंतर पुण्याहून एक नवीन तक्ता आला. त्याचं नाव शांत प्रश्न. ज्या प्रश्नांवर देशात कुणीच बोली लावली नाही, असे प्रश्न. त्यात पुन्हा काही पैसे दडलेत का हे भाषाप्रमुखांनी शोधायचं होतं.

तक्ता बघून मी चरकले. पारखी काही आमच्या एकट्या एजन्सीचं नव्हतं. बहुतेक सगळ्या मोठ्या दवाखान्यांच्या वतीनं बोली लावायचं काम तेच करत होतं, आणि एकीकडे शिकलेलं ते सगळीकडे वापरत होतं. मी एप्रिलमध्ये वर्ज्य केलेला गोतावळा जूनपर्यंत सगळ्यांचाच वर्ज्य झाला होता. मराठीतून तो कन्नडमध्ये गेला होता, तिथून तेलुगूत. अकरा भाषांतल्या बायका आपल्या जावेसाठी, नणंदेसाठी, शेजारणीसाठी विचारत होत्या आणि अकरा भाषांत त्यांना गोड आवाजात सांगितलं जात होतं, नंतर विचारा.

मी मिरजेचा भाग उघडला. तक्त्यात नाव नसतं, फक्त वॉर्ड, डबीचा खोटा क्रमांक, तारीख आणि वाक्य. आमच्या वॉर्डात एकाच डबीवरून सोळा वेळा तोच प्रश्न आला होता. मी वाचायला लागले.

जून. ‘ऐकतीस नव्हं बाई? माझ्या धाकट्या जावेला पाळी गेल्यावर परत जातंय. मागं तू दाखवा म्हणाली होतीस. कुठं दाखवायचं?’

जुलै. ‘ऐकतीस नव्हं बाई? धाकट्या जावेला होतंय ते वाईट असतं का?’

सप्टेंबर. ‘ऐकतीस नव्हं बाई? जाऊ कामावर जाते, तिला वेळ नसतो. घरच्या घरी काय करता येईल?’

ऑक्टोबर. ‘ऐकतीस नव्हं? जावेच्या कंबरेत लई दुखतंय.’

बोलकीला बाई म्हणणारी, आणि ऐकतीस नव्हं म्हणून सुरुवात करणारी आमच्या वॉर्डात एकच आहे. मला खरं तर हसू आलं. धाकटी जाऊ म्हणजे मी. अक्कांनी मला परस्पर आजारी पाडलं होतं. मला कशाला काही होतंय, मी ठणठणीत आहे, असं म्हणत मी तक्ता खाली सरकवला.

मग माझा हात थांबला.

तन्मय म्हणाला, “काय झालं मंजूताई? पाणी देऊ?” मी पर्स उचलली आणि जिना उतरले.

घरी अक्का मेथी निवडत होत्या. दुपारचे दोन वाजले होते. मी चपला न काढताच त्यांच्यासमोर बसले.

“कधीपासून, अक्का?”

“काय कधीपासून?”

“जावेला होतंय ते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मेथीची एक काडी घेतली, पानं तोडली, काडी बाजूला ठेवली. आणखी एक घेतली.

“तुझ्यापर्यंत पोचतं होय सगळं?” त्या म्हणाल्या. “मला काय माहीत. नाहीतर दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं.”

“अक्का.”

“माघापासून. आधी थोडंच होतं. लग्न तोंडावर, म्हटलं निस्तरू नंतर. मग ती बोलकी बोलेना. तूच म्हणालीस, फालतू असेल तर बोलत नाही. मला बरंच वाटलं की गं. म्हटलं चला, फालतू आहे.”

मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रुग्णालयात नेलं, ज्याच्यासाठी मी शब्द जोखत होते. खिडकीवर नाव घातलं. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, आमच्याबद्दल कुठून कळलं? मी म्हणाले, असंच. तिनं ‘इतर’वर खूण केली.

आठवड्याभरानं डॉक्टरीणबाईंनी मला आणि उदयला बाहेर बोलावलं. तरुण होत्या, दमलेल्या. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, यकृतापर्यंत गेलेला. “हा आजार तसा लवकर ओरडतो,” त्या म्हणाल्या. “पाळी गेल्यावर रक्त दिसलं की लगेच आलं तर बहुतेक बायका वाचतात. उन्हाळ्यात आणलं असतं तरी...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांना रोजची सवय असावी.

उदय कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून राहिला. मी त्याला तिथेच सगळं सांगितलं. एप्रिलचं बटण, दुसरं कारण, शेंगा फोडताना मी काय बोलले ते. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, “हे वहिनींना सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस.” मग थोड्या वेळानं म्हणाला, “मलाही सांगायला नको होतंस.”

अक्कांना आम्ही सूज सांगितली. गर्भाशयाला सूज आहे, औषधांनी उतरते. त्यांनी मान हलवली. केस गळायला लागले तेव्हाही आम्ही सूजच म्हणत राहिलो, आणि त्या मान हलवत राहिल्या.

मी तन्मयकडे गेले. गोतावळा वर्ज्य यादीतून काढायचा म्हटलं. त्यानं मनापासून प्रयत्न केला, हे मला मान्य आहे. चार पत्रं लिहिली. वरून उत्तर आलं की अकरा भाषांत त्या निर्णयामुळे चांगली बचत झाली आहे. फेरविचारासाठी तो गोतावळा फायद्याचा आहे असं दाखवणारे आकडे जोडावेत.

“पण बोलीच लागत नाही तर आकडे येणार कुठून?” मी म्हटलं.

“तेच ना,” तन्मय म्हणाला. त्याची नजर टेबलावर होती. “मंजूताई, माझ्या आईला मी काल फोन केला. म्हटलं, मावशीला काही होत असेल तर मला सांग. ती म्हणाली, तुला काय करायचंय मावशीचं?”

आमच्या घरच्या बोलकीला मात्र आता कंठ फुटला होता. पारखीला कळलं होतं की या घरात आजार आहे आणि उपचार चालू आहेत. अक्कांनी साधं किती वाजले विचारलं तरी ती वेळ सांगून पुढे केसांच्या टोपांचं, पौष्टिक पावडरीचं, दुसरा सल्ला देणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरांचं सांगायची. आमच्या घरातल्या एका प्रश्नावर तीनशे दहा रुपयांची बोली चालली होती. मला हे बघायची परवानगी नव्हती. मी रोज बघत होते.

बघायला मी का लागले, ते सांगते. पारखी फक्त शब्द जोखत नाही, पुढचं जोखतं. आवाजातली धाप, दोन शब्दांमधलं थांबणं, आधीच्या लाखो घरांत पुढे काय झालं, हे सगळं मिळून ते ठरवतं की या माणसाकडून अजून किती मिळेल. बोली चढती असेल तर माणसाचे अजून दिवस आहेत, असा त्याचा सरळ अर्थ. डॉक्टरीणबाई बघू, थांबू, असं म्हणायच्या. पारखीला संकोच नव्हता.

डिसेंबरात बोली तीनशे दहा होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एकशे साठ झाली. मी स्वतःला सांगितलं, सणासुदीनंतर भाव पडतातच. मग नव्वद. मग एका मंगळवारी मी कामावर पोचले, पर्स खाली ठेवायच्या आधी पडदा उघडला, आणि आमच्या घरासमोर शून्य होतं.

त्या दिवशी घरी आले तर केतकी आलेली होती, सुट्टी काढून. अक्का झोपल्या होत्या. केतकीनं मला ओट्यापाशी गाठलं.

“काकू, तुला तिथे आकडे दिसतात ना? काय म्हणतात?”

“आकड्यांवर काय असतं गं,” मी म्हणाले. “चढ-उतार चालतो.”

“चढ आहे का उतार?”

“बरा आहे,” मी म्हटलं. बराच्या जागी दुसरा शब्द मला सुचला नाही, आणि शब्द सुचण्यासाठीच मला पगार मिळतो.

उदयनं तिला सगळं सांगितलेलं होतं, हे मला चहाच्या वेळी कळलं. ती माझ्या हातचा चहा घ्यायची. पण कप माझ्या हातातून घ्यायची नाही, मी तो ओट्यावर ठेवेपर्यंत थांबायची आणि मग उचलायची. बोलायची नीट. काकू म्हणायची.

असे आम्ही तिघं त्या घरात वावरत होतो. सूज, औषध, अशक्तपणा, हवा बदल. एकमेकांशी बोलताना आम्ही असे शब्द वापरायचो की ज्यांच्यावर कुणीच बोली लावली नसती. स्वयंपाकाला बाई लावली. तिच्या भाकऱ्या जाड व्हायच्या आणि अक्का त्या न बोलता कुस्करून ताकात घालायच्या. त्यांनी नावं ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी ऊन त्यांच्या खाटेपर्यंत आलं होतं. केतकी धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत होती, उदय पेपर घेऊन खुर्चीत, मी अक्कांच्या पायांना तेल लावत होते. पाय सुजले होते. ती मात्र खरोखरची सूज होती.

“येत्या दिवाळीला बेंगळुरूला यायचं हं आई,” केतकी म्हणाली. “आमच्या गच्चीतून सगळं शहर दिसतं.”

“जाऊ की सगळेच,” उदय पेपराआडून म्हणाला. “रेल्वेचं आरक्षण आत्ताच करून ठेवतो.”

“तिकडं थंडी फार नसते,” मी म्हटलं. “स्वेटर एकच पुरेल.”

“केतके,” अक्का म्हणाल्या, “ती घडी सरळ घाल. कोपरे जुळव.”

केतकीनं कोपरे जुळवले.

“आणि आरक्षण करू नका. मी दिवाळीला नाही. गुढीपाडव्यालाही असेन असं वाटत नाही.”

“काहीतरीच काय वहिनी,” उदय म्हणाला. “सूज उतरली की...”

“उदयभाऊजी, बावीस वर्षं मी तुमच्या भावाच्या दुकानात तराजू धरला. पारडं कुठं चाललंय ते मला कळतं.” त्या दमल्या, थांबल्या. केतकी चादर छातीशी धरून उभी होती. “मला एवढंच सांगा. ती बोलकी गेल्या फेब्रुवारीत बोलत होती, मग उन्हाळ्यानंतर का गप झाली? मी तेच विचारत होते. शब्द बदलून बदलून विचारत होते. काय चुकत होतं माझं?”

बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

“यंत्र आहे वहिनी,” उदय म्हणाला. त्यानं पेपराची घडी घातली, उलगडली. “बिघडतं कधीकधी.”

“नेटवर्क नसेल गं,” केतकी म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला वाचवायला ती खोटं बोलत होती, आणि ते तिला किती जड जात होतं हे मला दिसत होतं.

“सोळा वेळा?” अक्का म्हणाल्या.

माझे हात तेलाचे होते. ते मी कशाला पुसले नाहीत. त्यांच्या पायांवर तसेच ठेवले.

“तुमचं काही चुकत नव्हतं, अक्का. बोलकीही बिघडली नव्हती. तो प्रश्न मी बंद केला होता. बायका स्वतःसाठीच विचारतात हे मला माहीत होतं, तरी मी बंद केला. त्यात पैसे येत नव्हते.”